ठाण्याला स्वतःचा व्यंगचित्रकार हवा, तोही पगारी

ज्या संघटनेची मुळं एका व्यंगचित्र साप्ताहिकात होती, तिला पहिली सत्ता ठाण्याने दिली. 13 ऑगस्ट 1960 रोजी 'मार्मिक'चा पहिला अंक निघाला, 19 जून 1966 रोजी शिवसेना स्थापन झाली आणि 1967 मध्ये ठाणे नगरपालिका तिच्या हाती आली. त्याच्याही कितीतरी आधी, एकोणिसाव्या शतकात, 'अरुणोदय' आणि 'हिंदू पंच' ही पत्रं याच गावातून निघत होती. सत्तेला टोचून बोलायचं आणि लोकांनी ते पैसे मोजून विकत घ्यायचं, हे ठाण्याला नवीन नाही. आणि तरी आज इथल्या दैनिकांत, साप्ताहिकांत चित्रं काढणारी जी तरुण मुलं-मुली मला भेटतात, त्यांतल्या एकाकडेही नेमणूकपत्र नाही. चित्र छापलं तर मानधन. नाही छापलं तर केलेली मेहनत पाण्यात.

माझं म्हणणं सरळ आहे. ठाण्यातल्या आणि नवी मुंबईतल्या वृत्तपत्रांनी, आणि मुंबईच्या ज्या मोठ्या दैनिकांची इथे स्वतंत्र पानं निघतात त्यांनीही, या शहरांसाठी व्यंगचित्रकार पगारावर ठेवावा. त्याला पत्रकाराचा दर्जा, कायदेशीर पाठबळ आणि पानावर रोजची ठरलेली जागा द्यावी. कलेवर मेहेरबानी करा, असं मी म्हणत नाही. शहराला त्याची गरज आहे.

गरज कशी, ते गेल्या काही वर्षांनी दाखवून दिलं. नवी मुंबई महापालिकेची मुदत मे 2020 मध्ये संपली, ठाण्याची मार्च 2022 मध्ये. निवडणुका झाल्या थेट जानेवारी 2026 मध्ये. मधला सगळा काळ प्रशासकाचा. नगरसेवक नाहीत, स्थायी समिती नाही, महासभेतला गोंधळसुद्धा नाही. रस्त्यांची कंत्राटं, कचरा टाकायच्या जागा, पाण्याचं वाटप, सगळं बंद दालनात सही होऊन बाहेर येत होतं. नगरसेवक कसाही असला तरी त्याच्या दारात जाऊन भांडता येतं. प्रशासकाच्या कारभाराला चेहराच नसतो. 'निर्णय घेण्यात आला', 'प्रस्ताव विचाराधीन आहे', असली वाक्यं आम्ही डेस्कवर बसून वर्षानुवर्षं बातम्यांत जाऊ दिली, कारण प्रेसनोटच तशी यायची. व्यंगचित्राला ही सोय नाही. तिथे खुर्चीत कुणीतरी बसलेलं दाखवावं लागतं, फाइलीवर कुणाचा तरी हात काढावा लागतो. कुणी केलं हे न सांगता बातमी लिहिता येते, चित्र काढता येत नाही.

नवी मुंबईचंच घ्या. या शहराने स्वतःला फ्लेमिंगोंचं शहर म्हणवून घेतलं. पुतळे उभारले, भिंती गुलाबी रंगवल्या. आणि 2024 च्या उन्हाळ्यात नेरुळच्या डीपीएस तलावात भरतीचं पाणी येण्याच्या वाटा बंद झाल्या, तलाव सुकला, भरकटलेले आणि मेलेले फ्लेमिंगो लोकांना सापडू लागले. पर्यावरण कार्यकर्त्यांनी निवेदनं दिली, बातम्याही आल्या, कुणी काम केलं नाही असं नाही. पण चौकातला ताठ मानेचा पुतळा आणि तलावाच्या कोरड्या चिखलात पडलेला पक्षी हे दोन्ही एका चौकटीत आले असते, तर जे चार कॉलमी बातमीला जमलं नाही ते त्या चित्राने केलं असतं. शाळकरी पोरानेही ते चित्र आईला दाखवलं असतं. असं चित्र सुचायला पामबीच रोडने रोज जाणारा माणूस लागतो. दिल्लीत बसलेल्या मोठ्या व्यंगचित्रकाराला ते सुचणार नाही, आणि सुचायचं कारणही नाही.

दिल्लीवर चित्र काढणारे देशात पुष्कळ आहेत. पंतप्रधानांवर किंवा विरोधी पक्षनेत्यावर ठाण्यातल्या मुलाने चित्र काढलं तर ते त्या दिवशीच्या शेकडो चित्रांतलं एक. त्याने कोलशेतच्या पाण्यावर, दिव्याच्या कचऱ्यावर, कळव्याच्या रुग्णालयावर काढलं तर ते एकटंच असतं. ऑगस्ट 2023 मध्ये कळव्याच्या महापालिका रुग्णालयात एका दिवसात 18 रुग्ण दगावले. चौकशी समित्या नेमल्या गेल्या, राज्यभर आरडाओरडा झाला, मग राज्यभराचं लक्ष दुसरीकडे गेलं. शहराचं लक्ष जाऊन चालत नाही, कारण उद्याचा रुग्ण त्याच दारातून आत जाणार असतो. दर महिन्याला त्या चौकशीचं काय झालं हे एका चित्राने विचारायला हवं होतं. बातमीला नवीन घडावं लागतं; जुनंच अजून तसंच आहे, हे व्यंगचित्राला रोज सांगता येतं.

पण हेच काम सगळ्यात धोक्याचंही आहे. देशपातळीवरच्या नेत्याला स्थानिक दैनिकातलं चित्र दिसतही नाही. प्रभागातल्या पुढाऱ्याला ते सकाळी आठच्या आत व्हॉट्सअॅपवर पोचतं, आणि तुम्ही कुठल्या चाळीत, कुठल्या सोसायटीत राहता, तुमचा भाऊ कुठल्या शाळेत शिकतो, हे त्याला माहीत असतं.

एका मुलीचं उदाहरण देतो. नाव देत नाही, तिला पुन्हा त्रास नको. कळव्यात राहते, वडील रेल्वेच्या कारशेडमध्ये नोकरीला. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्हींत ए ग्रेड, पुढे अप्लाइड आर्ट. बरोबरीची मुलं जाहिरात कंपन्यांत आणि अॅनिमेशनमध्ये गेली. ही एका स्थानिक दैनिकाच्या कचेरीत गेली आणि संपादकांपुढे तिने आपली वही ठेवली.

ती वही मी पाहिली आहे. एका पानावर एकच माणूस. वरच्या कोपऱ्यात तो फोटोवरून उतरवलेला, नाक-कान-डोळे जागच्या जागी. त्याच्या शेजारी तोच माणूस, पण गॉगल जरा मोठा झालेला. खाली मान नाहीशी होते आणि डोकं थेट खांद्यांवर बसतं. मग तोंड जातं, कान जातात. पानाच्या तळाला नुसता गॉगल, त्याखाली दोन बोटं दाढी आणि मनगटावरचं जाडजूड कडं, आणि तेवढ्यावरून ठाण्यातलं कुठलंही पोर त्या पुढाऱ्याचं नाव सांगेल. हे एक पान भरायला तिचा अख्खा पावसाळा गेला. सभांना जाऊन, बॅनर बघून, मिरवणुकीत लोकांच्या मागे उभं राहून तिने तो चेहरा शोधला. अर्कचित्र म्हणतात ते असं हाताला लागतं. माणसाच्या दहा गोष्टी फेकून द्यायच्या आणि अकरावीत तो सापडतो. महिन्यातून दोन चित्रं मागवून हे होत नाही. रोज काढायला लागतं, आणि रोज काढायचं तर रोजचं जेवण त्यातून निघावं लागतं.

तिचं निघत नव्हतं. दिवसा ती लोअर परळला एका पॅकेजिंगच्या कंपनीत खोक्यांवरची डिझाइनं करायची. दैनिकाची संपादकीय बैठक दुपारी व्हायची, तिला अर्थातच बोलावणं नसे. संध्याकाळी ती गाडीत असताना फोन यायचा, "अगं, पाण्यावर काहीतरी दे, आठला पान सोडायचंय." पाण्याचं नेमकं काय झालंय, बैठकीत काय बोलणं झालं, वार्ताहराने काय आणलंय, यातलं काही तिला ठाऊक नसायचं. ती ठाण्याला उतरायची, फलाटावरच्या बाकावर बसून टॅब्लेटवर रेषा पक्की करायची, चित्र पाठवायची आणि मग कळव्याची गाडी पकडायची. अशा घाईत चांगलं चित्र झालं तर तो चमत्कार म्हणायचा. तिच्याकडून ते बऱ्याचदा झालं.

त्यातलं एक मला अजून आठवतं. घोडबंदर रोड, मेट्रोच्या खांबांची रांग, खड्ड्यात अर्धी रुतलेली रिक्षा. वर या खांबापासून त्या खांबापर्यंत ताणलेला वाढदिवसाच्या शुभेच्छांचा बॅनर. रिक्षातली बाई एका हाताने पोराला धरून दुसऱ्या हाताने तो बॅनर खाली ओढते आहे आणि खड्ड्यावर अंथरते आहे, पलीकडे जाता यावं म्हणून. चित्रात अक्षर एकही नाही. बॅनरवर फक्त गॉगल, दाढी, कडं.

संपादकांचा फोन आला. चित्र झकास आहे, पण चेहरा काढ, टोपीवाला नेता टाक. तिने टाकला. दुसऱ्या दिवशी चित्र छापून आलं, कुणालाही काही वाटलं नाही. महिन्याभराने मूळ चित्र तिने आपल्या इन्स्टाग्रामवर टाकलं, तेव्हा मात्र एक फोन आला. फोनवरचा माणूस अतिशय गोड बोलला. "मॅडम, साहेबांनी बघितलं चित्र. छान काढता तुम्ही. कळव्यातच राहता ना?" एवढंच. ती दैनिकाच्या कचेरीत गेली, तर तिथे सांगितलं गेलं की ते चित्र आमच्याकडे छापलेलंच नाही, त्यामुळे आमचा त्याच्याशी संबंध येत नाही. त्यानंतर तिला संध्याकाळचे फोन येणं हळूहळू बंद झालं. वडिलांनी तिला एवढंच विचारलं, "बाळा, नोकरी नाही, पगार नाही, मग हे वैर कुणासाठी घ्यायचं?"

वडील चुकीचं बोलले असं मी म्हणू शकत नाही.

तो टोपीवाला नेता मात्र मला फार खटकतो. पोट सुटलेला, धोतर नेसलेला, गांधी टोपी घातलेला, हातात नोटांची पिशवी. ठाण्यात असा पुढारी शेवटचा कुणी पाहिला? आजचा पुढारी पांढराशुभ्र शर्ट आणि जीन्समध्ये असतो, व्यायामशाळेत जातो, मोठ्या काळ्या गाडीतून उतरतो, दहीहंडीच्या मंचावर नटनट्यांच्या शेजारी उभा राहतो. चित्रातला टोपीवाला कुणाचाच नातेवाईक नाही, म्हणून त्याच्यावर काहीही काढा, कुणाला राग येत नाही. ज्याला राग येत नाही त्याला प्रश्नही विचारला गेलेला नसतो. मराठी वृत्तपत्रांत व्यंगचित्रं बोथट झाली अशी तक्रार वाचक करतात आणि दोष तरुण चित्रकारांच्या हाताला देतात. त्यांच्या वह्या बघा. हात धारदार आहेत. पानावर जाईपर्यंत चेहरा पुसला जातो.

तो का पुसला जातो, हे डेस्कवर काम केलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. स्थानिक दैनिक विक्रीच्या पैशांवर चालत नाही. अंकाच्या किमतीत कागदसुद्धा सुटत नाही. उत्पन्न येतं ते बिल्डरांच्या जाहिरातींतून, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या पानभर शुभेच्छांतून आणि महापालिकेच्या निविदा सूचनांतून. शहराच्या व्यंगचित्रकाराने ज्यांना चितारायचं, तीच ही तीन मंडळी. संपादक भित्रे असतात असं मला म्हणायचं नाही. त्यांतल्या कित्येकांनी अंगावर हल्ले झेलले आहेत. पण वीस माणसांचे पगार एका वाढदिवसाच्या पुरवणीवर अवलंबून असतील तर चेहरा पुसणं सगळ्यात स्वस्त पडतं, आणि मानधनावरच्या मुलीला 'चेहरा काढ' म्हणणं त्याहून सोपं. ती नाही म्हणाली तर पुढचं चित्र दुसरं कुणी देईल. पगारावरचा माणूस नाही म्हणू शकतो. निदान बैठकीत बसून वाद घालू शकतो.

ज्यांच्या नावाने आपण अभिमानाने बोलतो, त्यांच्याकडे अशी खुर्ची होती, नाहीतर दुसरी पगाराची नोकरी. आर. के. लक्ष्मण यांना जे. जे. स्कूल ऑफ आर्टने प्रवेश नाकारला, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यापुढचं कमी सांगितलं जातं. पंचविशीत त्यांना वृत्तपत्रात नोकरी मिळाली. आधी फ्री प्रेस जर्नल, 1947 पासून टाइम्स ऑफ इंडिया, आणि 1951 मध्ये 'यू सेड इट' ही रोजची व्यंगचित्रमाला सुरू झाली तेव्हा ते जेमतेम तिशीचे होते. तो चौकड्यांच्या कोटातला सामान्य माणूस अर्धशतकभर पहिल्या पानावर दिसत राहिला, कारण ती जागा रोज त्याच्यासाठी राखून ठेवलेली होती. बाळासाहेब ठाकरेही फ्री प्रेसमध्ये पगारी व्यंगचित्रकार होते. तिथून बाहेर पडल्यावर त्यांनी भावाला घेऊन स्वतःचंच साप्ताहिक काढलं. वसंत सरवटे यांच्यासारखा विलक्षण रेषेचा माणूस पेशाने इंजिनीअर होता आणि सिमेंट कंपनीत नोकरी करत होता. कुणाचं घर वृत्तपत्राच्या पगारावर चाललं, कुणाचं दुसऱ्या नोकरीच्या. चित्रामागे मिळणाऱ्या मानधनावर यांतल्या कुणालाही आयुष्य काढावं लागलं नाही. आणि रोजचं राजकीय व्यंगचित्र दुसरी नोकरी सांभाळून होत नाही, हे कळव्याच्या त्या मुलीने करून पाहिलं आहे.

कायदासुद्धा व्यंगचित्रकाराला पाहुणा समजत नाही. 1955 च्या श्रमिक पत्रकार कायद्याने पत्रकाराची व्याख्या केली, त्यात संपादक, उपसंपादक, वार्ताहर, छायाचित्रकार, मुद्रितशोधक यांच्याच रांगेत व्यंगचित्रकाराचं नाव होतं. वेतन मंडळाच्या शिफारशी त्यालाही लागू होत्या. नोव्हेंबर 2025 मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितांनी घेतली, पण पत्रकाराच्या व्याख्येत व्यंगचित्रकार अजून आहेच. ज्या देशाच्या संसदेने सत्तर वर्षांपूर्वी हे ओळखलं, तिथल्या वृत्तपत्रांनी आज त्याला कंत्राटावरच्या सजावटकाराच्या रांगेत बसवावं, हे मला मान्य नाही.

नोकरीचा दुसरा अर्थ संरक्षण. सप्टेंबर 2012 मध्ये असीम त्रिवेदी या कानपूरच्या तरुणाला मुंबई पोलिसांनी व्यंगचित्रांसाठी थेट राजद्रोहाच्या कलमाखाली अटक केली. ती चित्रं त्याने कुठल्या वृत्तपत्रासाठी काढलेली नव्हती. मागे कुणी संपादक नव्हता, वकील देणारी कंपनी नव्हती. टीका झाल्यावर सरकारने राजद्रोहाचं कलम मागे घेतलं आणि 17 मार्च 2015 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने या प्रकरणावरच्या जनहित याचिकेत निकाल दिला. न्यायालयाचं म्हणणं मला फार मोलाचं वाटतं. या चित्रांत विनोद किंवा मार्मिकता नाही, नुसता संताप आहे, पण हिंसेला चिथावणी नसेल तर तेवढ्यासाठी अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्यावर घाला घालता येणार नाही, असं न्यायमूर्तींनी म्हटलं. म्हणजे चित्र चांगलं जमलं नाही हासुद्धा गुन्हा होत नाही. पुढच्याच आठवड्यात, 24 मार्चला, सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66 अ कलम, म्हणजे ऑनलाइन मजकुरासाठी अटक करू देणारं कलम, रद्द केलं. फेसबुकवरच्या पोस्टवरून झालेल्या ज्या अटकेतून ते प्रकरण सुरू झालं ती पालघरला झाली होती, आणि 2012 मध्ये पालघर ठाणे जिल्ह्यातच होतं.

त्याच 2015 च्या जानेवारीत, पॅरिसमध्ये शार्ली एब्दो या व्यंगपत्राच्या कचेरीवर हल्ला होऊन 12 माणसं मारली गेल्यानंतर, एका उर्दू दैनिकाच्या मुंबई आवृत्तीच्या संपादक शिरीन दळवी यांनी त्या पत्राचं पैगंबरांचं व्यंगचित्र असलेलं मुखपृष्ठ बातमीबरोबर छापलं. अनेक ठिकाणी तक्रारी झाल्या, त्यांना मुंब्र्यात अटक झाली, आवृत्ती बंद पडली. ते चित्र छापायला हवं होतं का, यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. ज्यांच्या भावना दुखावल्या त्यांचं दुःख मी खोटं मानत नाही. पण माफी मागूनही एकट्या बाईला पोलिस ठाण्यांच्या पायऱ्या चढाव्या लागल्या आणि मागची संस्था दिसेनाशी झाली, हे आपल्याच जिल्ह्यात घडलं. कायदा शेवटी न्याय देतो. तोवरची वर्षं कोण काढणार, वकिलाची फी कोण भरणार, याचं उत्तर नेमणूकपत्रात असायला हवं.

'जगभर व्यंगचित्रकारांच्या नोकऱ्या जाताहेत, आमचं काय घेऊन बसलात,' असं मला एका मालकाने ऐकवलं. खरं आहे, जाताहेत. न्यूयॉर्क टाइम्सने 2019 मध्ये आपल्या आंतरराष्ट्रीय आवृत्तीतली राजकीय व्यंगचित्रं बंदच केली. जुलै 2023 मध्ये अमेरिकेतल्या मॅक्लॅची या वृत्तपत्र कंपनीने पुलित्झर हे पत्रकारितेतलं मानाचं पारितोषिक मिळवलेल्या तीन व्यंगचित्रकारांना एकाच दिवशी घरी पाठवलं. वॉशिंग्टन पोस्टच्या अॅन टेलनेस यांचं, पोस्टचे मालक आणि इतर धनाढ्य ट्रम्प यांच्यापुढे गुडघे टेकताहेत असं चित्र छापायला नकार मिळाला, तेव्हा त्यांनी जानेवारी 2025 मध्ये राजीनामा दिला आणि त्याच वर्षी त्यांना पुलित्झर मिळालं. पण यातून शिकायचं काय? तिथेही मुळाशी मला दिसते ती मालकाची गैरसोय. व्यंगचित्र वाचकाला नकोसं झालंय असं यांतून सिद्ध होत नाही. आपल्याकडे तर फेब्रुवारी 2025 मध्ये 'विकटन' या तमिळ नियतकालिकाच्या एका व्यंगचित्रामुळे अख्खं संकेतस्थळ बंद करण्यात आलं. कुणी बघत नसेल अशा गोष्टीवर एवढी ताकद खर्च होत नाही.

मीम्स आहेत की, मग व्यंगचित्र कशाला, हा तरुण वाचकांचा प्रश्न मी गांभीर्याने घेतो. काही मीम्स खरोखर हुशार असतात. पण मीमच्या खाली सही नसते. ते कुणी बनवलं, कुणाच्या पैशाने बनवलं, हे कळत नाही, आणि निवडणुकीच्या काळात त्यांतली कितीतरी पक्षांच्या वॉर रूममधूनच सुटतात. व्यंगचित्राच्या कोपऱ्यात नाव असतं. चुकलं तर त्या नावाला जाब विचारता येतो, आणि ते नाव उद्याही तिथेच असणार म्हणून काढणारा जपून, तपासून काढतो. आता तर काही पत्रं एआयकडून फुकटात चित्र बनवून घेऊ लागली आहेत. गुळगुळीत रस्ता, गुळगुळीत चेहरे आणि दुकानाच्या पाटीवर कुठल्याच भाषेत नसलेली देवनागरी. त्या यंत्राने तीन हात नाक्याचा सिग्नल कधी ओलांडलेला नाही. कोपरीच्या पुलावर पावसाळ्यात दुचाकीवाला पाय कसे वर घेतो, हे त्याला ठाऊक असायचं कारण नाही.

एक आक्षेप मात्र मला सगळ्यात वजनदार वाटतो, आणि तो 'मार्मिक'च्याच इतिहासातून येतो. व्यंगचित्र आणि त्याबरोबरचा मजकूर माणसं पेटवू शकतो. मराठी तरुणाच्या बेकारीचा प्रश्न खरा होता, आणि तो इतक्या थेटपणे दुसऱ्या कुणी मांडला नव्हता. पण 'वाचा आणि थंड बसा' म्हणून दाक्षिणात्य नावांच्या याद्या छापल्या गेल्या, तेव्हा रोख कारखानदाराकडून आणि सरकारकडून सरकून शेजारच्या टायपिस्टकडे गेला. ज्याने कुणाची नोकरी हिसकावली नव्हती, त्याच्या दुकानाच्या काचा फुटल्या. म्हणून माझा आग्रह आहे की शहराच्या व्यंगचित्रकाराने चेहरा काढावा तो अधिकार असलेल्या माणसाचा. जात, धर्म, भाषा किंवा झोपडपट्टी यांचं अर्कचित्र काढू नये. हे भान एकट्याने घरी बसून येत नाही. ते संपादकीय बैठकीत, जुन्या वार्ताहराशी भांडताना, उपसंपादकाने 'हे चित्र कुणाला लागेल याचा विचार केलास का' असं विचारल्यावर येतं. त्यासाठीसुद्धा त्याला कचेरीच्या आत घ्यायला हवं.

पैशाचं काय? एका दैनिकाला पूर्ण पगार झेपत नसेल तर ठाण्याच्या आणि नवी मुंबईच्या दोन-तीन पत्रांनी मिळून एक माणूस नेमावा, त्याची चित्रं वाटून घ्यावीत. पान वेगळं, वाचक वेगळे, काही बिघडत नाही. आमच्या सोसायट्यांत वर्गणी काढून गणपती बसतो, वाचनालयं चालतात. शहराच्या व्यंगचित्रकारासाठी वार्षिक वर्गणीदार मिळणार नाहीत असं मी तरी मानत नाही, फक्त कुणीतरी मागायला हवं. एक अट मात्र मी धरेन. हा पैसा महापालिकेकडून किंवा कुठल्या पुढाऱ्याच्या प्रतिष्ठानकडून येता कामा नये. नेमणूक निदान तीन वर्षांची असावी, म्हणजे चेहरे शोधायला वेळ मिळेल. नाकारलेल्या चित्राचेही पैसे मिळावेत. विचारल्याशिवाय चेहरा किंवा ओळ बदलू नये. आणि नोटीस आली तर उत्तर वृत्तपत्राच्या वकिलाने द्यावं.

यातलं सगळं लगेच होणार नाही, हे मी समजू शकतो. एक गोष्ट मात्र याच महिन्यात होण्यासारखी आहे. इतक्या वर्षांनी दोन्ही शहरांत निवडून आलेलं सभागृह आहे, महासभा पुन्हा भरू लागल्या आहेत. तिथे पत्रकारांसाठी बसायची जागा असते. त्या जागेत एका कोपऱ्यात वही घेऊन एक तरुण चित्रकार बसला, तर कोण उठून बोलतो, कोण मोबाइलमध्ये डोकं घालून बसतो, कोण कुणाच्या कानाला लागतो, हे त्याला फोटोवरून उतरवावं लागणार नाही. आपल्या माणसाला आत सोडा, एवढं सांगणारं संपादकाचं पत्र त्यासाठी लागतं. ते लिहायला जाहिरातदाराला विचारावं लागत नाही.